सर्वांना जागा

मार्गशीर्ष सरत आला, म्हणजे श्रीगोंदे तालुक्यातील काष्टीच्या शिवारात थंडी जोर धरू लागते. पहाटे शाळूच्या पातींवर दव चमकते. ऊस वाहणाऱ्या गाड्यांची रस्त्यावर रीघ लागते आणि ठिकठिकाणी शेकोट्यांभोवती माणसे गोळा होतात. काष्टी हे दौंडहून नगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. तेथील शनिवारचा जनावरांचा बाजार दूरवर नावाजलेला आहे. बैल, गाई, म्हशी, शेळ्या यांनी बाजारतळ फुलून जातो. अशा मुलुखात ‘गव्हाण’ म्हणजे काय, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. जनावरांना वैरण घालण्याची ती जागा लहान मुलेही रोज पाहतात.

डिसेंबरच्या २५ तारखेला ख्रिस्ती लोक जो सण साजरा करतात, त्याची कथा अशाच एका गव्हाणीची आहे. योसेफ व मरिया हे एक गरीब जोडपे सरकारी नावनोंदणीसाठी बेथलेहेम गावी आले. गावात परगावच्या लोकांची गर्दी उसळली होती. मरियेचे दिवस भरले होते. तरी उतारशाळेत त्यांना कोणी जागा दिली नाही. अखेर तान्ह्या बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. त्या बाळाचे दर्शन घेण्यास प्रथम आले, ते रानात मेंढरे राखणारे मेंढपाळ. हे बाळ म्हणजे येशू ख्रिस्त, आणि त्याच्या जन्माचा सण म्हणजे नाताळ. ‘नाताळ’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला आहे.

नगर जिल्ह्यातील अनेक गावांत ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नाताळ जवळ आला, की त्यांच्या घरांना रंग लागतो. दारावर कागदी चांदणी टांगली जाते आणि तिच्यात दिवा लागतो. घरोघर करंज्या, शंकरपाळी, लाडू आणि चिवडा यांचा खमंग वास दरवळू लागतो. अलीकडे त्यात केकचीही भर पडली आहे; परंतु करंजीचा मान अद्याप गेलेला नाही. फराळाची ताटे शेजाऱ्यांकडे जातात. दिवाळीत आलेल्या ताटाची ती परतफेड असते, आणि पुढच्या दिवाळीचे ते आमंत्रणही असते.

खरी धांदल मात्र प्रार्थनामंदिरात असते. ख्रिस्ती लोक एकत्र उपासना करणाऱ्या आपल्या समुदायास ‘मंडळी’ म्हणतात आणि उपासना चालविणाऱ्या धर्मगुरूस ‘पाळक’ म्हणतात. शाळांना सुटी लागली, की मंडळीतील मुले मंदिराची झाडलोट करतात, पताका लावतात आणि कोपऱ्यात गवताची गव्हाण मांडतात. शहरात नोकरीस गेलेली माणसे गावी परत येतात. वर्षभर न भेटलेले भाऊबंद एकमेकांना भेटतात. रात्री गाणारी मंडळी टाळ-ढोलकी घेऊन घरोघर जाते आणि ख्रिस्तजन्माची गीते गाते. थंडीने कुडकुडणाऱ्या मुलांच्या हाती कोणी गरम चहा देतो, कोणी मूठभर शेंगा देतो.

मुलांचे नाटक हा या दिवसांतील मोठा आनंद होय. परदेशी मुलांना मेंढपाळाचा वेष शिवून घ्यावा लागत असेल. नगरच्या खेड्यातील मुलाने आजोबांची घोंगडी खांद्यावर टाकली आणि हाती काठी घेतली, की मेंढपाळ सिद्ध झाला! पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष सोने, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. या नाटकात एक पात्र असे आहे, की ते होण्यास मुले सहसा तयार नसतात. ते पात्र म्हणजे, “जागा नाही,” असे सांगून दार लावणारा उतारशाळेचा मालक.

चोवीस तारखेच्या रात्री किंवा पंचवीसच्या सकाळी उपासना होते. त्यानंतर काही ठिकाणी सर्व मंडळी एकत्र जेवते. या जेवणाला ‘प्रीतिभोजन’ असे अर्थपूर्ण नाव आहे. कोणी तांदूळ आणतो, कोणी डाळ, कोणी सरपण. पुरुष मोठ्या चुली पेटवितात, स्त्रिया धान्य निवडतात, मुले पाणी भरतात. मग सतरंज्यांवर पंगत बसते. एकतीस डिसेंबरच्या रात्री पुन्हा सर्व जण एकत्र येतात, सरत्या वर्षाबद्दल देवाचे आभार मानतात आणि नव्या वर्षाचा पहिला क्षण प्रार्थनेत घालवितात.

हे सर्व आज इतके स्वाभाविक वाटते, की ते पूर्वीपासून असेच असावे, असा समज होतो. परंतु त्यामागे दीर्घ इतिहास आहे. नगर भागातील अनेक मंडळ्या ‘अमेरिकन मराठी मिशन’ या संस्थेच्या कार्यातून उभ्या राहिल्या. या मिशनचे पहिले धर्मोपदेशक अमेरिकेतून मुंबईस इ. स. १८१३ मध्ये आले. नगर येथे त्यांचे काम १८३१ साली सुरू झाले आणि १८३३ साली तेथे पहिली मंडळी स्थापन झाली. त्यांना पाठविणाऱ्या संस्थेचे मुख्य ठाणे मॅसॅच्युसेट्स प्रांतातील बॉस्टन शहरी होते.

आता गंमत अशी, की याच मॅसॅच्युसेट्समध्ये एके काळी नाताळ साजरा करणे हा गुन्हा होता! तेथील कडव्या धर्मनिष्ठांना वाटे, की हा सण धर्मग्रंथात सांगितलेला नाही आणि त्यात खाणेपिणे व दंगामस्ती फार. म्हणून १६५९ साली त्यांनी कायदा केला, की जो कोणी हा सण पाळील, त्याला पाच शिलिंग दंड व्हावा. हा कायदा १६८१ साली रद्द झाला. पण नाताळला तेथे सरकारी सुटी मिळण्यास १८५६ साल उजाडावे लागले. मधल्या काळात लोकांची मने हळूहळू बदलत गेली. जर्मनीतून आलेले चार्ल्स फॉलेन हे उदारमतवादी धर्मोपदेशक गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. १८३५ साली बॉस्टनजवळील आपल्या घरी त्यांनी लहानग्या मुलासाठी एक झाड मेणबत्त्यांनी सजविले. त्या भागातील नाताळच्या पहिल्या काही झाडांपैकी ते एक समजले जाते.

म्हणजे नगरला आलेले उपदेशक ज्या परंपरेत वाढले, तिच्यात नाताळचा थाटमाट नव्हता. मग नगरच्या नाताळाला हा रंग कोठून आला? तो बव्हंशी मराठी मातीतूनच आला. करंज्या मराठी स्वयंपाकघरातल्या, टाळ-ढोलकी मराठी भजनातली, आणि कथा सांगण्याची रीत मराठी कीर्तनातली.

ख्रिस्ताची कथा मराठी वळणाने सांगण्याची कल्पना फार जुनी आहे. गोव्यात राहिलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ हे ओवीबद्ध काव्य १६१६ साली छापले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात नगरच्या मंडळ्यांत हा धागा पुन्हा हाती घेण्यात आला. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने केली आणि मराठी चालींवर गीते रचली. या परंपरेवर कळस चढविला तो कवी नारायण वामन टिळक यांनी. त्यांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला व पुढे अनेक वर्षे नगर येथे धर्मशिक्षण देण्याचे काम केले. परक्या भाषेतून अनुवादलेली, परक्या चालीवरची गाणी मराठी माणसाच्या ओठांवर बसत नाहीत, हे त्यांनी ओळखले. त्यांनी अभंग व पदे रचली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची शंभराहून अधिक गीते आहेत. धर्म कोणताही असो, माणसाचे मन देवाशी आपल्या आईच्या भाषेतच मोकळे होते, हेच त्यांनी आपल्या कृतीने दाखविले.

श्रीगोंदे तालुक्याला तर ही गोष्ट नवी नाही. सतराव्या शतकातील संतकवी शेख महंमद यांची समाधी श्रीगोंदे येथे आहे. जन्माने मुसलमान असलेल्या या सत्पुरुषाने ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, आणि वारकरी त्यांना आपल्या संतांत मानतात.

भाषा आपली झाली. परंतु पंगत आपली होणे त्याहून कठीण होते. एकोणिसाव्या शतकात गावोगाव अस्पृश्यतेची रूढी होती. काही लोकांना सार्वजनिक विहिरीचे पाणीही मिळत नसे. अशा काळात नगरच्या मंडळीत प्रारंभीच्या वर्षांत आलेले बहुतेक लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतील होते. १८३९ साली हरी रामचंद्र खिस्ती हे ब्राह्मण गृहस्थ त्या मंडळीत आले. एका मंदिरात, एका बैठकीवर, एकाच पात्रातून सर्वांनी प्रसाद घ्यावयाचा, हा मंडळीचा नियम होता. पुढे १८५४ साली हरिपंतांनी पाळकपदाची दीक्षा घेतली. आज प्रीतिभोजनाच्या पंगतीत शेजारी बसणाऱ्या मुलांना कदाचित कल्पनाही नसेल, की असे बसण्यासाठी त्या काळी किती जणांना घरदार, आप्त आणि वतन यांवर पाणी सोडावे लागले.

ही किंमत घरातील स्त्रियांना किती जड गेली, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या जीवनावरून कळते. पतीने धर्मांतर केले, तेव्हा त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या. तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. त्या आपला स्वयंपाक वेगळा करीत. परंतु त्या विचार करणाऱ्या होत्या. माणसामाणसांतील उच्चनीच भाव देवाने निर्माण केला, की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनाला सतत टोचू लागला. तो माणसानेच निर्माण केला, असा निश्चय झाल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला. हा सारा प्रवास त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात विनोदाची पखरण करीत, कोठेही कडवटपणा न आणता सांगितला आहे. शाळेत न गेलेल्या स्त्रीचे हे पुस्तक मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांपैकी एक मानले जाते.

दाराच्या आत आलेल्यांना जागा देणे, ही औदार्याची पहिली पायरी झाली. दाराबाहेर असलेल्यांचे काय, हा दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न होता. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या मनात साहजिकच येई, “माझी आजी किती सत्त्वशील होती! तिने ख्रिस्ताचे नावही ऐकले नव्हते. मग देव तिला दूर लोटील काय?” अनेक धर्मपंडित या प्रश्नाला कठोर उत्तर देत. परंतु नगरला १८७४ पासून काम करणारे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना ते उत्तर पटेना. ह्यूम यांचा जन्म मुंबईतच झाला होता. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताविषयी ऐकण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्यासाठी देवाच्या दयेचे दार बंद होत नसावे, अशी आशा बाळगण्यास जागा आहे, असे त्यांचे मत होते. १८८६ साली ते रजेवर अमेरिकेत असताना या मतावरून मोठा वाद माजला. त्यांना भारतात परत पाठवावे की नाही, असा प्रश्न संस्थेपुढे उभा राहिला. आपले जन्मभराचे काम हातचे जाण्याची वेळ आली, तरी ह्यूम यांनी आपले मत सोडले नाही. अखेर १८८७ साली त्यांना परत नगरला येण्याची परवानगी मिळाली. आपल्या श्रद्धेवर दृढ राहून दुसऱ्याच्या चांगुलपणाला जागा देणे, यालाच उदारमत म्हणतात.

मतांची खरी परीक्षा संकटात होते. १८९९ च्या पावसाळ्यात पाऊस पडला नाही आणि छपन्नाचा दुष्काळ म्हणून ओळखला जाणारा भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात नगर जिल्ह्यातील शिवारे उजाड होती. गव्हाणी वैरणीवाचून रिकाम्या पडल्या होत्या. माणसांनाच अन्न नव्हते, तर जनावरांची काय कथा! आईबाप गमावलेली मुले मिशनच्या आश्रयास आली. त्यांना अन्न, वस्त्र आणि शिक्षण देण्यात आले व हातास उद्योग शिकविण्यात आला. अमेरिकेतील सामान्य लोकांनी पै-पैसा जमवून मदत पाठविली. १९०० साली ‘क्विटो’ नावाचे जहाज मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईस आले. या मदतीच्या वाटपात ह्यूम यांनी मोठा भाग घेतला. ज्या प्रांतात दोनशे वर्षांपूर्वी नाताळ साजरा करणाऱ्यास दंड होत असे, त्या प्रांतातून आलेल्या परंपरेची माणसे आता सणाचा खरा अर्थ आचरून दाखवीत होती. भुकेल्याला आपल्या घासातला घास देणे, हाच तो अर्थ.

टिळकांनी हे दार आणखी रुंद केले. नगरच्या त्यांच्या घरात अनाथ मुले, विद्यार्थी आणि पाहुणे यांचा सतत राबता असे. निसर्गकवी बालकवी ठोमरे हे त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. त्यासाठी बालकवींना आपला धर्म बदलावा लागला नाही, आणि टिळकांनाही आपला धर्म लपवावा लागला नाही. १९१७ साली टिळकांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसंघ स्थापन केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही, त्याने बाप्तिस्मा घेतला असो वा नसो, त्यात प्रवेश होता. १९१९ साली टिळकांचे निधन झाले आणि ते कार्य अपुरे राहिले. पण त्यामागील विचार अपुरा राहिला नाही.

हा विचार एकाच धर्माच्या मालकीचा नव्हता. मुंबईस १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजातही तोच वारा वाहत होता. त्या समाजाचे कार्यकर्ते विठ्ठल रामजी शिंदे हे १९०१ साली इंग्लंडला गेले आणि ऑक्सफर्ड येथील उदारमतवादी ख्रिस्ती लोकांच्या मँचेस्टर महाविद्यालयात त्यांनी निरनिराळ्या धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. १९०३ साली ते परत आले आणि १९०६ साली त्यांनी अस्पृश्यता निवारणासाठी स्वतंत्र मिशन स्थापन केले. परक्याच्या मंदिरात शिकून आलेला हा हिंदू विद्यार्थी आपल्याच समाजातील बंद दारे उघडण्यास झटला.

१९७० साली उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ ही एक संस्था झाली. नावे बदलली, पिढ्या बदलल्या. पण नाताळच्या दिवसांत नगर जिल्ह्यातील प्रार्थनामंदिरांत सतरंज्या आजही अंथरल्या जातात. शेजारची हिंदू व मुसलमान मुले नाटक पाहण्यास येतात आणि फराळ घेऊन घरी जातात. पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासाठी बसलेली माणसे थोडी सरकून बसतात.

सण कोणताही असो, तो मोठा होतो तो रोषणाईने नव्हे. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसासाठी आपण किती सरकून बसतो, यावर त्याचा मोठेपणा अवलंबून असतो. बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा नव्हती असे नाही. जागा करून देणारे मन तेथे नव्हते. ते मन घडविण्याचे काम मंदिराचे, शाळेचे आणि घराचेही आहे.

अभ्यास

१. काष्टीच्या परिसरातील लोकांना नाताळची कथा चटकन समजते, असे का म्हटले आहे?
२. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली कोणता कायदा झाला? तो करण्यामागे लोकांचा काय विचार होता?
३. नगरच्या नाताळावर मराठी चालीरीतींचा ठसा कोणकोणत्या गोष्टींत दिसतो?
४. लक्ष्मीबाई टिळकांच्या मनातील बदल तुमच्या शब्दांत सांगा.
५. रॉबर्ट ह्यूम यांना भारतात परत येण्यास अडचण का आली? त्यांचे मत तुम्हांस कसे वाटते?
६. ‘पाणी सोडणे’, ‘कळस चढविणे’, ‘रीघ लागणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
७. तुमच्या गावात निरनिराळ्या धर्मांचे लोक एकमेकांच्या सणांत कसे भाग घेतात, त्याविषयी दहा-बारा ओळी लिहा.